कोजागिरीच्या आधीची कढई

१९६४ साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. दसऱ्याचं सोनं वाटून झालं होतं, कोजागिरी यायची होती, आणि आमच्या घरात दिवाळीची कढई चढली.

एवढंच सांगितलं तरी आमच्या खोऱ्यातलं जुनं माणूस लगेच विचारील, "घरात कोण आजारी होतं रे?" कारण त्या दिवसांत शेतकऱ्याच्या बायकोला तळणाला सवड कुठली? लवकर पिकणारं हळवं भात कापून शेतात पडलेलं असतं, उशिराचं गरवं अजून उभं असतं, आणि माणूस सारखा आभाळाकडे बघत असतो. फराळ करायचा तो वसुबारसेच्या आसपास. त्याच्या कितीतरी आधी कुणी तेल तापवलं तर समजायचं, त्या घराला दिवाळीपर्यंत थांबायची खात्री नाही. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सणाचं तळण होत नाही. शेजारीपाजारी ताट झाकून आणून देतात, ते मुकाट्यानं खायचं.

हे दिवस परत आले की मला बरं वाटत नाही. पाऊस गेलेला असतो आणि गेलेला नसतोही. सकाळी दव, दुपारी कातडी भाजेल असं ऊन, आणि उन्हं कलली की घाटाच्या अंगानं काळं आभाळ वर येतं, गुरगुरतं, पण पडत नाही. पडणाऱ्या पावसाचं काही वाटत नाही. न पडता नुसतं डोक्यावर उभं राहणारं आभाळ वाईट.

यंदा त्यात भर म्हणून नातसुनेनं विजेची भट्टी आणली आहे. नातू औद्योगिक वसाहतीत पाळीनं जातो. त्याची शनिवार-रविवारची सुट्टी पडली की ही नानकटाई भाजायला घेते. घंटी वाजली की दार उघडायचं, झालं काम. "आजोबा, बघा तरी किती खुसखुशीत झालीय," म्हणून बशी पुढं करते. पोरगी गुणाची आहे. तिला काय सांगू, की आश्विनात घरात तुपाचा वास दाटला की तुम्हा सगळ्यांना भूक लागते आणि मला कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं? मी बशीतली एक उचलतो, छान झालीय म्हणतो, आणि पडवीत जाऊन बसतो.

शाळा मी दुसरीतच सोडली. मास्तरांशी बिनसलं ते बिनसलंच. त्यामुळे ओळीनं मांडायला मला येत नाही. येईल तसं लिहितो.

बा आजारी होता श्रावणापासून. पोटात गोळा धरायचा, अन्न आत जाईना. सव गावाला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात बसून आला, झाडपाला झाला, शेवटी मी त्याला महाडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, मला बाहेर बोलावलं आणि हळूच मुंबईचं नाव घेतलं. आतून बा ओरडला, "मुंबईला मी नाय जायचा! तिथं मेलो तर मला वळखतंय कोण? गावात निदान कुत्रं तरी भुंकल."

डॉक्टरला हसू आलं. मला नाही आलं.

परत येताना गांधारीच्या पुलावर बा टेकला. पलीकडे भात पिवळं पडायला लागलं होतं. बराच वेळ बघत राहिला आणि पावसाचा अंदाज सांगावा तसा म्हणाला, "हळवं कापून हुईस्तोवर हाय मी. गरवं काय मला दिसत नाय."

मी म्हटलं, "तुला कोण सांगून गेलं?"

"शेती कुणी केली? मी का तू?"

 आमच्या घरात शेवटचं वाक्य नेहमी त्याचं असायचं. माझं असावं म्हणून मी जन्मभर भांडलो.

आता शेवंताचं सांगतो. शेवंता माझी धाकटी बहीण. त्याच वैशाखात तिला पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत, घरात सासू. सासू म्हणजे जिभेला धार लावूनच जन्मलेली. लग्नाच्या पंगतीत बाला ऐकू जाईल अशा बेतानं ती विहीणबाईंना म्हणाली होती, "आमच्या थोरल्या सुनेची पहिल्या दिवाळीची पाटी आली, तवा ती उतरवायला दोन बाप्ये लागले होते हो." पहिल्या दिवाळीला मुलीच्या माहेराहून फराळाची पाटी जाते. वाडीत घरटी वाटतात. कुणाची पाटी कशी आली हे तिथल्या बायका ती मुलगी म्हातारी होईपर्यंत विसरत नाहीत. आणि आलीच नाही, तर मग विचारायलाच नको.  बानं त्या पंगतीत हातातली जिलबी पानात परत ठेवली होती.

तर बाला मरणाचं काही नव्हतं. पाटीचं होतं. तो आधी गेला तर कढई चढणार नाही, पाटी जाणार नाही, आणि शेवंता त्या डोंगरात जन्मभर टोमणे खात राहील. एवढा सरळ हिशेब त्याच्या डोक्यात होता.

शुक्रवारी दिवेलागणीला तो म्हणाला, "उद्या कढई चढवा."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "उद्या शनवार. शनवारी तेल तापवत नायत."

"मंग शनीला सांग, दोन दिस दम धर म्हणून. त्याचं नि माझं बोलणं झालंय."

मी म्हणालो, "कढई चढणार नाय. दिवाळीला चढल."

"का रे?"

"आता चढवली म्हंजे तू चाललास हे मी कबूल केलं, असं हुईल."

बा हसला. हसताना त्याला कळ आली, तरी हसला. "तुझ्या कबुलीसाठी कोण थांबलंय इथं?"

मी उठलो, माळ्यावरची कढई काढली, गोठ्यात नेली आणि पेंढ्याच्या खाली पार तळाला घालून ठेवली. सव्वीस वर्षांचा बाप्या, लग्न झालेला, आणि कढई लपवतोय. माझी बायको यमुना दारातून बघत होती, तोंडाला पदर लावून. हसत होती की काय करत होती कोण जाणे. लोकांना आजही ही गोष्ट सांगितली की ते मान हलवतात. मला विचाराल तर मी केलं ते बरोबरच केलं. बापानं मरतो म्हटलं आणि पोरानं बरं म्हटलं, असल्या घरात मला जन्मालाच यायचं नव्हतं.

सकाळी आईनं कढई शोधलीही नाही. ती खालच्या आळीतल्या पारूकाकीकडे गेली आणि आमच्या कढईच्या दुप्पट कढई घेऊन आली. मागोमाग पारूकाकीच आली.

"कढई माझी, मंग मी नको?" तिचा आवाज म्हणजे हाळीच. "गो वैनी, यंदा दिवाळीला लय घाई झाली ती? पंचांग बदललं काय?"

आणि मग तिला माजघरातली बाज दिसली. बाजेवरचा बा दिसला. श्रावणात तिनं त्याला पाहिला होता त्याच्या निम्मा राहिला होता. पारूकाकी तोंडातलं वाक्य गिळून खाली बसली आणि तिनं पीठ मळायला घेतलं. तिला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाच म्हणाला, "पारू, भिऊ नको. अजून हाय मी."

"ते दिसतंय भावजी. तुमच्याबिगर एवढ्या जणांना कामाला कोण लावतंय?"

त्या दिवशी घरात काय वास होते! भाजणीचा, खोबऱ्याचा, वेलदोड्याचा, तापल्या गोड्या तेलाचा. चुलीचा धूर कौलांतून निघायचा आणि बाहेर हवा हलत नव्हती म्हणून तसाच घरावर बसायचा. यमुना करंज्या भरत होती, पारूकाकी लाटत होती, आई तळत होती. बा डोळे मिटून पडलेला, पण कान स्वयंपाकघरात. तेलाच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं. "आच कमी कर गो, करंजी हाय ती. चकलीची आच करंजीला कशाला?" आई आच कमी करायची. मध्येच आतून आवाज यायचा थांबला की आईचा झारा हवेत थांबायचा. तिघी जणी कान देऊन बसायच्या. बाजेची दोरी कुरकुरली, बा खाकरला, की झारा परत तेलात. दिवसभर हेच. चकली पडायची, कान द्यायचे, खाकरणं ऐकायचं, दुसरी चकली.

मी मात्र खळ्यात होतो. रागानं. पण वास खळ्यात पण येतोच.

दुपारपर्यंत गावाला कळलं. कुणाला सांगावं लागलं नाही. तो वास घरोघर गेला आणि प्रत्येक घरातल्या बाईनं हातातलं काम थांबवलं असणार. मग बाप्ये यायला लागले. एक कोयता मागायला आला, एक बैल विचारायला, एकाला तर निमित्तच सुचलं नाही, तो नुसताच येऊन पडवीत बसला. आई प्रत्येकापुढं चकल्या ठेवायची. आमच्या घरच्या चकलीला कधी कुणी नको म्हटलं नव्हतं. त्या दिवशी प्रत्येकाचं पोट भरलेलं होतं. ताटली फिरून तशीच आत यायची. ते खाणं कुणाला हातात धरवत नव्हतं. बसायचे, विड्या ओढायचे, आभाळाकडे बघून "पडल काय रे?" म्हणायचे आणि उठायचे.

उन्हं कलली आणि घाटावर काळं झालं. मी कापलेलं भात गोळा करायला धावलो. पेंढ्या बांधता बांधता गडगडाट सुरू झाला, जमिनीतून यावा तसा. एक थेंब नाही. खोरं सगळं पिवळं-काळं दिसत होतं आणि त्यात आमच्या एकट्याच्या कौलांवर धूर.

परत आलो तर चुलीपुढचं लाकूड संपलं होतं. आई मागच्या पडवीत गेली. तिथं पावसाआधी बानं स्वतः फोडून रचलेले लाकडाचे दोन रच होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. आईनं डावीकडचं ओंडकं उचललं तसा आतून आवाज आला. आवाजावरूनच कळलं त्याला.

"त्या रचातलं घेऊ नको गो."

"का? सुकं हाय चांगलं."

"आंब्याचं हाय ते. ते माझं हाय."

आई ओंडकं हातात धरून उभी राहिली. म्हणजे ज्येष्ठात, अजून पोटात काही दुखत नव्हतं तेव्हाच, यानं आपलं सरण रचून ठेवलं होतं? की दुखत होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं? मी दारात होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तिनं ओंडकं जागच्या जागी ठेवलं, नीट, तोंडाला तोंड लावून, आणि उजवीकडचं घेऊन आत गेली. त्यानंतरचा घाणा करपला. तो पाटीत गेला नाही.

मी गोठ्यात गेलो. पेंढा उपसला. आमची कढई काढून, पुसून, चुलीपाशी नेऊन ठेवली.  यमुनानं तिच्या पाटाशेजारी दुसरा पाट सरकवला. मी बसलो आणि कडबोळी वळायला लागलो.

माजघरातून बा म्हणाला, "कोण बाप्या बसलाय चुलीपुढं? बांगड्यांचा आवाज कमी झाला."

पारूकाकी म्हणाली, "नवीन सून आणलीय भावजी. मिशीवाली."

सगळे हसलो. आई सुद्धा. 

माणूस दुःखात खात नाही, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मी त्या दोन दिवसांत जेवढं चाखलं तेवढं नंतर कधी चाखलं नसेल. मीठ बरोबर आहे का, कडबोळं आतपर्यंत तळलं का. हाताला तेल, बोटांना ओवा, आणि पाठीमागे तो खाकरण्याचा आवाज. जिभेला चव लागते आणि त्याच वेळी कान माजघराकडे असतात. दोन्ही खरंच असतं. नातसून मला विचारते, गोड कमी झालंय का? तिला वाटतं, मी गप्प आहे म्हणजे काहीतरी चुकलं.

रविवारी आईनं धोंडस लावलं. शेवंताला धोंडस फार आवडायचं. आढ्याला सुंभात बांधून टांगलेलं एक तवसं, म्हणजे जून काकडी, होतं, पिवळंजर्द, तान्ह्या पोराएवढं. पावसाळ्यात बानंच मांडवावर चढवलेला वेल. आईनं ते किसलं, त्याच्या पाण्यातच नव्या हळव्याचा भाजलेला रवा भिजवला, गूळ, ओलं खोबरं, हळदीचं पान तळाला. पातेलं निखाऱ्यावर, आणि झाकणावर पण निखारे. खालून आणि वरून विस्तव. तळणाचा वास धावत येतो, भाजण्याचा वास हळूहळू येतो. आधी नुसतं गरम पाणी, मग गूळ, मग हळदीचं पान, आणि शेवटी कडा धरल्या की तो करपट-गोड वास. तो वास यायला सुरुवात झाली तसा बा म्हणाला, "मला जरा पुढं घ्या."

मी बाज ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणली. बाज केवढी हलकी लागली! मी एकट्यानं ओढली. आईनं धोंडसाची एक वडी कापून त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती नाकाशी धरली. किती तरी वेळ तशीच.

"खा की," मी म्हटलं.

"खाल्लं," तो म्हणाला आणि वडी मला दिली. थंड झाली होती. मी खाल्ली.

मग तिघीजणींनी पाटी भरली. तळाला केळीचं पान, त्यावर चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, मग करंज्या, लाडू, आणि वर फडक्यात बांधलेलं धोंडस. बा बघत होता. "अजून," म्हणायचा. भरून वर शीग आली तरी "अजून." पारूकाकीनं शेवटी घरी जाऊन तिच्या नातवंडांसाठी ठेवलेले लाडू आणून त्यावर रचले.

पाटी झाली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. बानं बायकांना बाहेर जायला सांगितलं आणि मला जवळ बोलावलं.

"उद्याची पहिली मोटार धर. महाडला चढ, पोलादपूरला उतर, मंग पाय हायेतच."

"जातो."

"घरात मढं असलं तर कढईतलं बाहेर जात नाय. सुतकातलं ते. गुरांना घालावं लागतं."

"ठावं हाय मला."

"पण जो घराबाहेर हाय त्याला सुतक कदी लागतं? त्याच्या कानावर पडलं की. ऐकलं नाय तोवर तो मोकळा. त्याच्या डोईवरची पाटी पण मोकळी." थोडा दम खाऊन म्हणाला, "म्हणून ऐकू नको."

"म्हंजे काय?"

"म्हंजे ऐकू नको. जन्मभर माझं ऐकलं नायस. उद्या एक दिवस आणखी ऐकू नको. तुझ्या अंगात जो हेका हाय ना, लोकांना ताप दिलास त्यानं. उद्या जरा कामाला लाव."

मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात आलं ते एवढंच, की मोटार सकाळी लवकर असते. तो म्हणाला, "तर मंग."

शेवंता आता म्हातारी झाली आहे. तिच्या सासूला जाऊन कित्येक वर्षं झाली. शेवंता दर दिवाळीला येते, गुडघे धरत पडवी चढते, आणि कुणी ऐको न ऐको, सांगते की माझ्यासारखी पाटी वाडीत दुसरी आली नाय, सासूनं स्वतः घरटी वाटली आणि वाटताना कुणाला बोलू दिलं नाय. सगळं सांगते. त्या दिवशी मी तिच्या दारात किती वाजता आलो, घामानं कसा भिजलो होतो, पाणी सुद्धा न पिता पाटी आधी उतरव म्हणालो, ते पण सांगते. त्याच्या आधीचं ती विचारत नाही.

सोमवारी उजाडायला लागलं तेव्हा मी अंगण ओलांडून विहिरीवर गेलो, आंघोळ केली, आणि परत आलो तर पाटी पडवीच्या बाहेर अंगणात ठेवलेली होती. फडकं घट्ट बांधलेलं. रात्री ती आत होती. आई उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून.

मी म्हटलं, "चहा?"

"मोटार चुकल. नीघ."

"बाला सांगून येतो."

"झोपलाय," आई म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय. नीघ तू."

तिचा आवाज रोजच्यासारखा होता. अगदी रोजच्यासारखा. तिच्या खांद्यावरून मला आतली चूल दिसत होती. चूल पेटलेली नव्हती. आतून दोरी कुरकुरते का म्हणून माझे कान आपोआप टवकारले, आणि मी ते तिथंच आवरले. विहिरीच्या पाण्यानं अंग निथळत होतं ते नीट पुसलं. उंबऱ्याबाहेरूनच वाकलो, पायरीला हात लावला. आई चौकटीवरचे हात काढून अंगणात आली आणि तिनं पाटी उचलायला हात लावला. पाटी डोक्यावर आली तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला. गार होता.

 महाडला जायची जवळची वाट गावातून होती, घरांच्या दारांवरून. ती मी सोडली आणि गांधारीच्या काठाची लांबची वाट धरली. तिथं नदी खडकांवरून पडते आणि पाण्याचा आवाज एवढा असतो, की मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी माणसाला ऐकू येत नाहीत.